जनरेटरचा आवाज नको, पण म्हणून तो आत नको

हिवाळा आला की कॉलेजांमध्ये एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरांची तयारी सुरू होते. कामरगावच्या आसपास शिबिर म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. जिल्हा परिषदेची शाळा, दोन वर्गखोल्या, सतरंज्या, आणि लाईन गेली तर अडचण नको म्हणून बिछायतवाल्याकडून भाड्याने आणलेला दोरी ओढून चालू करायचा जनरेटर. ज्यांना शिबिर नको, ते तंबू घेऊन किंवा चार-पाच जणांत कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन निघतात. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलंय. राहण्याची सोय कोणतीही असो, रात्री प्रश्न एकच उरतो : हे धडधडणारं यंत्र ठेवायचं कुठे?

बहुतेक वेळा त्याचं उत्तर आवाजावरून ठरतं. झोप मोडते, शेजारचे ओरडतात, थंडीत बाहेर जायचा कंटाळा येतो, पेट्रोल चोरीला जाईल अशी भीती असते. मग जनरेटर व्हरांड्यात येतो, शेजारच्या खोलीत जातो, नाहीतर ताडपत्रीखाली झाकला जातो. आवाज कमी होतो, सगळे खूश. पण धूर तिथेच कोंडतो, आणि आपलं म्हणणं आहे ते याबद्दल.

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरची घटना आठवा. जुलै २०२१ मध्ये रात्री वीज गेली म्हणून एक कुटुंब घरात जनरेटर लावून झोपलं. सकाळपर्यंत सहा जण गेले होते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड गाडीच्या तळाच्या छिद्रातून आत शिरला होता, असं कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांच्या तपासणीत दिसलं. म्हणजे जनरेटर आपल्या खोलीत नसला तरी वायूला एवढीशी फट पुरते.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. जागा माणूस म्हणतो, थकवा असेल. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. एक खिडकी उघडी ठेवली की झालं, हा समजही चुकीचा आहे. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं तर कारण शोधत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि १०८ ला फोन करा.

मग आवाजाचं काय? त्यावर साधा उपाय अंतर हाच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. जनरेटर दार-खिडकीपासून किमान सहा-सात मीटर लांब ठेवायचा, आणि धुराची नळी झोपायच्या जागेकडे नको, वाराही तिकडे वाहणारा नको. एवढ्याने जीव वाचतो आणि कानालाही आराम पडतो. खाली जुनं रबर किंवा जाड पायदान टाकलं की थरथर कमी होते. इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर मिळाला तर उत्तम. साधा जनरेटर भार असो-नसो एकाच वेगाने धावतो, हा मात्र भार कमी असला की इंजिन हळू करतो.

लांब ठेवायचं तर वायर लांब लागते, आणि ती जाड लागते. घरातली पातळ एक्स्टेंशन तापते. कनेक्शन पावसापासून, दवापासून वर ठेवा. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्या. आणि जनरेटरची वायर शाळेच्या सॉकेटमध्ये खुपसून अख्ख्या इमारतीत लाईट आणायचा जुगाड कधीच नको. तो करंट उलटा बाहेरच्या तारेत जातो, आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो.

आता थोडा हिशोब. हिवाळ्यातल्या शिबिरात रात्री दहानंतर लागतं काय? ९ वॉटचे दोन एलईडी आठ तास म्हणजे १४४ वॉट-अवर. वीस मोबाईल चार्ज करायला साधारण ३०० धरा. घराघरांत असते ती १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवरची असते. म्हणजे रात्रभर जनरेटर चालवायची गरजच नाही. संध्याकाळी प्रोजेक्टर आणि स्पीकरपुरता तो चालवा, त्याच वेळी बॅटरी चार्ज करा आणि दहाला बंद करा. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही रात्र दहा ते सकाळी सहा अशीच धरली आहे, आणि वस्तीत त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या जवळपास मुक्काम असेल तर तिथल्या काळविटांनाही शांत रात्र मिळेल.

हे सगळं विद्यार्थ्यांच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. कॉलेजने शिबिराच्या आराखड्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : जनरेटर कुठे ठेवणार, बंद कधी करणार, जबाबदार कोण. बिछायतवाल्यांनी जनरेटरसोबत पंधरा-वीस मीटर जाड वायर द्यावी, कारण वायर अपुरी पडली की यंत्र दाराशी येतंच. आणि आपण निघायच्या आधी सरांना, मॅडमना हे विचारावं. जेवणाचा मेनू विचारतोच की आपण.