कपाट कुणाच्या मापाचं?

आपल्या हॉस्टेलच्या लोखंडी कपाटात एकच गोष्ट नीट बसते, ती म्हणजे कुलूप! शीट कंटेनर तिरका घालावा लागतो, ड्राफ्टर कॉटखाली जातो आणि घरून आलेला लाडवांचा डबा ठेवायला गेलं की फळी आडवी येते. चार वर्षांचा तर प्रश्न, म्हणून आपण चालवून घेतो. पण घरी तसंच झालं तेव्हा मात्र मला राग आला.

मागच्या दिवाळीत नगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) आमच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन बसवलं. दुकानदाराने टेपने भिंती मोजल्या, कॅटलॉग उघडला, आईने रंग निवडला. झालं! आजीची उंची कुणी मोजलीच नाही. ती आहे चार फूट नऊ इंच. तिचे गुळाचे, शेंगदाण्याचे डबे वरच्या कपाटात गेले. खाली आली बाटल्यांची पुल-आऊट बास्केट. आमच्याकडे बाटल्या मोजून दोन! वर्षाच्या ज्वारीची कोठी बाल्कनीत. सुरुवातीला आजी गुळासाठी दिवसातून चारदा हाक मारायची. हल्ली मारत नाही, गूळ न घालताच आमटी करते. मला हेच टोचतं.

तिच्या माहेरी, पारनेर तालुक्यात, घराच्या भिंती दोन-अडीच फूट जाड. त्या जाडीतच कोनाडे आणि फडताळ. (हा शब्द तिनेच शिकवला, आमच्या शाळेत सगळं 'कबर्ड'च होतं.) दूध-दही मांजरापासून वाचवायला शिंकाळं. धान्य कणगीत, वरून ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. आपण याला हॉपर म्हणतो आणि त्यावर मार्क मिळवतो! अर्थात त्या घरात उंदीर होते, धूर होता. मला परत तिकडे जायचं नाहीये. पण तिथे आधी वस्तू होती, मग तिची जागा झाली.

नव्या किचनमध्ये हे जमत नाही असंही नाही. १९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी छोटं स्वयंपाकघर डिझाइन केलं. त्यात तांदूळ, साखर यांचे नाव लिहिलेले ॲल्युमिनियमचे खण होते, पीठ मात्र ओकच्या लाकडात, कारण त्यात कीड कमी लागते. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ इथलंच मानतात. आपण कॅटलॉग उचलला, विचार तिथेच ठेवला.

मग मी गणित मांडलं. ५० किलो ज्वारीला साधारण ६५ लिटर जागा लागते, म्हणजे ४५ सेंमी रुंद, ५० खोल, ३० उंच असा एक ड्रॉवर. पण नेहमीचं टेलिस्कोपिक चॅनल ३५ ते ४५ किलोच पेलतं. म्हणून २५-२५ किलोचे दोन ड्रॉवर, बाटल्यांची बास्केट काढून. सिंकखाली पार्टिकल बोर्ड फुगायला लागलाय, तिथे आयएस ७१० चा प्लाय. आणि गुळाचा डबा आजीच्या कोपराच्या उंचीवर. सुताराला हे माप सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, ओट्याचं माप द्या, आजींचं कशाला?" अजून आमची चर्चा चालू आहे!

आपल्या हॉस्टेलच्या कपाटातल्या फळ्या वेल्ड केलेल्या आहेत. पुढच्या खेपेला फळी वर-खाली करता येईल अशी कपाटं घ्यावीत, ही रेक्टर सरांना विनंती. पट्ट्यांना भोकं पाडायची असली तर वर्कशॉपमध्ये आम्ही पाडून देऊ.