मोबाइल येतो, संगणक येतो का?

व्हिडिओ पाहणे, फोटो पाठवणे नववीच्या मुलांना आम्हाला शिकवावे लागत नाही. पण घरखर्चाचा तक्ता करून बेरजेचे सूत्र घाला म्हटले, की बोटे थांबतात. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना २००४ मध्ये आली. तरी एका संगणकाभोवती चौघे बसले, की माउस धीट मुलाच्या हाती आणि मुली मागे उभ्या. म्हणून आम्ही पाळी लावली: दहा मिनिटे एकाचाच हात, बाकीच्यांनी फक्त सांगायचे.

अम्मी-अब्बूंनी घरी एवढे करावे. मोबाइलवरही स्प्रेडशीट मोफत मिळते. रेशन, वीजबिल, फी यांचा महिन्याचा हिशेब मुलीकडून तीत मांडून घ्यावा. युनिकोडमुळे एकाच तक्त्यात मराठीही लिहिता येते, उर्दूही. शिल्लक कशी आली हे तिने तुम्हाला समजावले, की ती शिकली असे समजा.