गुह्याचे भांडवल

दुर्गम पर्वतराजीत एक मठ आहे. तेथे जाण्याची वाट कुणाला ठाऊक नाही, तेथील साधकांची नावे कुणी उच्चारीत नाही. शतकानुशतके जपलेले एक ज्ञान त्यांच्यापाशी असते आणि ते योग्य वेळी योग्य व्यक्तीलाच दिले जाते. ही कथा आपण इतक्या वेळा वाचली आहे की तिच्यातील पायऱ्याही पाठ झाल्या आहेत. तरी तिचे आकर्षण ओसरत नाही. उलट चित्रपटांनी आणि संगणकावरील खेळांनी तिला नवा बाजार मिळवून दिला आहे.

काही काळापूर्वी कोलकात्यात अद्भुतरम्य साहित्यावर एक चर्चासत्र झाले. तेथे एका तरुण अभ्यासकाने असे प्रतिपादन केले की, गुप्त संघ आणि त्याचे अनाकलनीय ज्ञान हा भारतीय परंपरेचा गाभाच होय. पाश्चात्त्यांनी तो आपल्याकडून उचलला. आता आपल्या लेखकांनी तो परत मिळवावा. निबंध चांगला बांधलेला होता आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवू शकलो नाही. वेळेअभावी तेथे जे बोलता आले नाही ते येथे मांडतो.

माझे म्हणणे असे आहे की, ज्या संप्रदायांनी खरोखरच आपले ग्रंथ लपवले त्यांच्या ग्रंथांत धुके फार थोडे आहे. जेथे धुक्यावाचून दुसरे काही नाही, ते ग्रंथ बहुधा कधीच अस्तित्वात नसलेल्या संप्रदायांविषयीचे आहेत. आपली समीक्षा मात्र दोहोंना 'गूढ' हे एकच विशेषण लावते आणि पुढे जाते.

आधी 'परत मिळवण्या'चा विचार करू. ज्या शहरात हे चर्चासत्र भरले त्याच शहरातून या कथेचा एक धागा निघतो. हंगेरियन लोकांचे मूळस्थान शोधण्यासाठी आशियात आलेला चोमा द कोरोस हा विद्वान झंस्कारच्या कडाक्याच्या थंडीत लामांपाशी तिबेटी शिकला आणि १८३१ मध्ये कोलकात्यास आला. (त्याचा जन्म १७८४चा, एशियाटिक सोसायटीची स्थापनाही त्याच वर्षाची.) १८३३ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्याने कालचक्र पद्धतीच्या उगमावर एक लहानसे टिपण लिहिले. आधुनिक युरोपीय विद्वत्तेला 'शंभल' देशाची ओळख झाली ती मुख्यतः येथून. त्या टिपणात रोमांच नावालाही नाही. चोमा या देशाला स्पष्टपणे काल्पनिक म्हणतो. वसंतसंपातापासून दक्षिणायनाच्या आरंभापर्यंत तेथील दिवसमान किती वाढते याचा ग्रंथातील उल्लेख तो घेतो आणि तो देश ४५ ते ५० उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पडतो, एवढे नोंदवून थांबतो.

पुढे त्या नावाचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीने हिमालयापलीकडील अदृश्य महात्म्यांची पत्रे आणली. १९३३ मध्ये जेम्स हिल्टनच्या 'लॉस्ट होरायझन' या कादंबरीत शांग्रि-ला अवतरले. त्या मठाचा प्रमुख लामा कोण आहे, हे आमच्या तरुण अभ्यासकाने पुन्हा एकदा तपासावे. तो लक्झेंबर्गहून आलेला ख्रिस्ती धर्मोपदेशक आहे आणि त्याच्या मठातील न्हाणीची टाकी अमेरिकेतील अ‍ॅक्रनहून आणलेली आहे. यातले आपले म्हणून परत काय घ्यावयाचे?

तिबेटशी नाते सांगणारा खरा मठ पाहावयाचा तर हिमालय चढावा लागत नाही, हुगळी ओलांडली की पुरते. हावड्याकडील घुसुडीला भोटबागान नावाचा मठ आहे. पंचेन लामांच्या इच्छेवरून वॉरन हेस्टिंग्जने जमीन दिली आणि १७७०च्या दशकात तो उभा राहिला. त्याचा कारभार पाहणारा पूरणगीर हा दशनामी गोसावी. तो तिबेटला जाई, व्यापार करी आणि कंपनी सरकार व लामा यांच्यात मध्यस्थी करी. १७९५ मध्ये मठावर दरोडा पडला तेव्हा दरोडेखोरांशी झुंजताना तो मारला गेला. याच हेस्टिंग्जने १७७३ मध्ये फिरत्या संन्याशांना आणि बैराग्यांना बंगालच्या सुभ्यातून हुसकून लावण्याचा जाहीरनामा काढला होता. जमीन, व्यापार, राजकारण, दरोडा! एका संन्याशाच्या आयुष्यात एवढे सारे आहे, आणि यावर कादंबरी लिहावी असे फारशा कुणाला वाटले नाही. मठ म्हटला की आपल्या लेखकांना आधी धूप आठवतो, जमाखर्चाची वही कधीच आठवत नाही.

बंकिमचंद्रांना संन्यासी आठवले, ही गोष्ट खरी. १८८२ मध्ये ग्रंथरूपाने आलेली 'आनंदमठ' ही आधुनिक भारतीय साहित्यातील गुप्त संन्यासीसंघाची आद्य आणि सर्वांत प्रभावी कादंबरी. तिच्या राष्ट्रीय प्रभावाविषयी येथे बोलत नाही. तो स्वतंत्र विषय आहे. मी तिच्याकडे केवळ ज्ञानाची कथा म्हणून पाहतो. आरंभीचे पदचिन्ह गाव, बंगाली सन ११७६चा दुष्काळ, ओस पडलेल्या घरातून लहान मुलीला घेऊन बाहेर पडणारे महेंद्र आणि कल्याणी ही पाने आजही अंगावर येतात. पुढे अरण्य येते, भुयार येते, दीक्षित आणि अदीक्षित संतान येतात, आणि लेखणीतील नेमकेपणा विरू लागतो. इतिहासातील संन्याशांच्या बरोबरीने लढणारे मजनू शाहाचे फकीर तर या अरण्यात शिरतच नाहीत.

शेवटी हिमालयातील महापुरुष चिकित्सकाच्या रूपात येतो आणि सत्यानंदाला सांगतो की, आंतरज्ञानाआधी बाह्य विषयांचे ज्ञान हवे. ते या देशातून लोपले आहे. इंग्रज त्यात निपुण आहेत. म्हणून तूर्त इंग्रजांचे राज्य व्हावे. संपूर्ण कादंबरीत ज्ञान म्हणजे काय याचा खुलासा होतो तो एवढाच. ते ज्ञान भुयारातले नाहीच. ते कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर, फी भरून, उघड मिळत होते. १८५८ मध्ये कोलकाता विद्यापीठाचे जे पहिले दोन पदवीधर झाले त्यांत स्वतः बंकिमचंद्र होते. आपल्या शिक्षणक्रमाचे प्रमाणपत्र त्यांना हिमालयातून आणवावे लागले, ही त्या काळाची अडचण मी समजू शकतो. दीडशे वर्षांनंतरही तीच युक्ती वापरणाऱ्यांची अडचण मला समजत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळता येणार नाही. परमज्ञान अनिर्वचनीय असते, म्हणून त्याभोवती मौन राहणारच, असे म्हटले जाते. परंतु अनिर्वचनीय आणि गुप्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे शब्दांत मावत नाही ते फुटण्याचे भय नसते. त्याला कुलूप लावण्याचे प्रयोजनच उरत नाही. जे कुलूपबंद करता येते, सांकेतिक लिपीत लिहिता येते, शपथ घालून सांगता येते, ते सारे सांगण्याजोगेच असते. तेव्हा कादंबरीकार गुप्त ज्ञानाचा हवाला देतो तेव्हा ते ज्ञान त्याने दाखवले पाहिजे, अशी मागणी करण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. अनिर्वचनीयतेची ढाल त्याला उपयोगी पडणार नाही.

खरोखर गुह्य मानल्या गेलेल्या वाङ्मयाकडे वळू. हरप्रसाद शास्त्रींना १९०७ मध्ये नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात चर्यापदांची पोथी सापडली आणि १९१६ मध्ये कोलकात्याच्या बंगीय साहित्य परिषदेने ती प्रसिद्ध केली. साडेसेहेचाळीस पदे, आणि सोबत मुनिदत्ताची संस्कृत टीका. या पदांच्या भाषेला शास्त्रींनी 'संध्याभाषा' म्हटले, म्हणजे थोडा उजेड, थोडा अंधार. पुढे विधुशेखर शास्त्रींनी दाखवले की मूळ शब्द 'संधा' असावा, अभिप्राय मनात धरून योजलेली भाषा. हे सर्वांनीच मान्य केले असे नाही. परंतु सांजवेळेची ती उपमा इतकी मोहक ठरली की अभ्यासक्रमांत तीच टिकली आणि विद्यार्थी पदे वाचण्याआधीच डोळे किलकिले करू लागले.

पदांत आहे काय? नदी, नाव, वल्हे. गावाबाहेर राहणारी डोंबी. भुसुकूचे हरिण आणि त्याच्यामागे लागलेले शिकारी. दारू गाळणारी कलालीण. कापूस पिंजणारा शांतिपा. बुद्धिबळाचा डाव. सहजयान्यांचा संकेत या सर्वांमागे आहेच आणि मुनिदत्त तो शब्दागणिक उलगडून देतो. मात्र संकेत कळल्यावर पद संपत नाही, हे महत्त्वाचे. नाव ही कशाची खूण आहे हे कळले तरी ती पाण्यावरच राहते. या कवींनी लपवले ते प्रतिष्ठितांना न दिसणाऱ्या माणसांच्या कामांत, आणि त्या कामांची त्यांना बारकाईने माहिती होती.

हीच गोष्ट आपल्या महानुभावांची, आणि येथे मराठी वाचकाचा थेट संबंध येतो. सांकेतिक लिपी असलेला, दीक्षेचे कडक नियम असलेला, भिक्षेवर जगणारा हा संप्रदाय म्हणजे कोणत्याही अद्भुतकथाकाराने हेवा करावा असा विषय. चौदाव्या शतकात सकळ लिपी योजली गेली, पुढे सुंदरीसारख्या आणखी लिप्या आल्या. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर घालून रचलेली ही कुलपे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेर कुणाला उघडली नव्हती. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या पिढीला किल्ली गवसली तेव्हा आत काय मिळाले? म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र'. त्यात चक्रधरस्वामी कुठे उतरले, कुणाच्या घरी जेवले, कोण आजारी पडले, बाइसा काय बोलल्या, महदाइसेने कोणता प्रश्न विचारला, हे आहे. प्रश्न विचारणे तिने कधी थांबवले नाही, आणि संप्रदायाने तिचे प्रश्न उत्तरांइतक्याच काळजीने जपले. छोटी वाक्ये, बोलीचा ठसका, जेथल्या तेथे तोडलेला प्रसंग. तेराव्या शतकातील हे गद्य इतके उजेडातले आहे की ते लपवून का ठेवले होते असा प्रश्न पडावा.

ग्रंथ नष्ट होतील, विटाळतील, विपर्यस्त होतील हे भय त्यामागे असणार. त्या भयाची टवाळी मी करणार नाही. परंतु त्याची किंमत मोजली पाहिजे. नागदेवाचार्यांनी केशोबासांसारख्या संस्कृतज्ञाला संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, असे परंपरा सांगते. त्याच पंथाने पुढे ती मराठी अशा अक्षरांत कोंडली की पंथाबाहेरच्या कुठल्याही म्हातारीला ती वाचता येऊ नये. मराठी गद्याला त्याचा पहिला आणि कदाचित सर्वांत निर्मळ नमुना सहा शतके दिसलाच नाही. एकोणिसाव्या शतकात आपण मिशनऱ्यांच्या पुस्तकांवरून आणि इंग्रजी क्रमिक पुस्तकांवरून गद्याचे वळण गिरवीत बसलो, तेव्हा 'लीळाचरित्र' मठांच्या पेट्यांत होते.

आणि समाजाने त्या बंद पेटीचा अर्थ काय लावला? 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.' अहिंसेचे व्रत घेतलेल्या लोकांविषयीची ही म्हण! 'मानभावी' म्हणजे ढोंगी, हा अर्थ आपल्या कोशांत आजही आहे. गुप्ततेभोवती तेजोवलय जमते हे कादंबरीत. प्रत्यक्षात तिच्याभोवती संशय जमतो आणि तो भाषेत मुरतो. गुप्त मठांचे गोडवे गाणाऱ्यांनी हा एक शब्द तरी लक्षात ठेवावा.

चर्चासत्रानंतर चहाच्या वेळी त्या तरुण अभ्यासकाने मला विचारले, "मग सर, अशा कादंबऱ्या लिहूच नयेत का?" लिहाव्यात की. पण त्या मठात तांदूळ कुठून येतो, आजाऱ्याची शुश्रूषा कोण करतो, नव्या शिष्याचे पहिले भांडण कुणाशी झाले, हे मला त्यांत वाचावयाचे आहे. ते त्याने वहीत टिपून घेतले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले 'लीळाचरित्र' त्याने पाहिले आहे का, असे मी विचारले. पाहिले नव्हते. मराठीचा विभाग असलेल्या बहुतेक ग्रंथालयांत ते मिळेल, असे मी त्याला सांगितले.