रॅम महागली, उन्हाळा तोंडावर: चंद्रपूर-गडचिरोलीत गेमिंग लॅपटॉपचा स्पीड वाढवावा का?

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत कॉम्प्युटरच्या रॅमचे भाव जगभर भडकले. डीडीआर५ प्रकारच्या अनेक रॅमची किंमत काही महिन्यांतच दुपटीच्या पुढे गेली. अशा वेळी 'नवी रॅम कशाला, सेटिंगमधून आहे तिचाच स्पीड वाढवा' हा सल्ला गोड वाटतो. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीत तो अमलात आणण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: लॅपटॉपच्या आतला स्पीड आणि खोलीतलं तापमान.

भाव का वाढले?

मेमरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची वेगळी, महागडी मेमरी लागते. तिच्यात नफा जास्त, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि घरगुती ग्राहकांच्या वाट्याला माल कमी आला. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी 'क्रुशल' या ब्रँडचा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅपटॉपची रॅम बदलणाऱ्यांसाठी हे ओळखीचं नाव होतं.

थोडक्यात, चुकीची रॅम विकत घेणं आता जास्त महागात पडतं.

स्पीड कसा तपासायचा?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडा. उजवीकडे खाली रॅमचा स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत, ते दिसतं.

इथे एक घोळ अनेकांचा होतो. टास्क मॅनेजर ४८०० दाखवतो, पण सीपीयू-झेडसारख्या ॲपमध्ये २४०० च दिसतं. दुकानदाराने फसवलं, अशी शंका येते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरोबर असतात. डीडीआर म्हणजे 'डबल डेटा रेट'. घड्याळाच्या एका ठोक्यात ही मेमरी दोनदा डेटा पाठवते. म्हणून २४०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर सेकंदाला ४८०० दशलक्ष वेळा डेटा जातो. सीपीयू-झेडमधल्या आकड्याची दुप्पट करा आणि मगच तुलना करा.

५६०० ची रॅम आणली, तरी ४८०० वरच का चालते?

कारण स्पीडची मर्यादा प्रोसेसर ठरवतो. इंटेलच्या १२ व्या पिढीतले आय५-१२५००एच किंवा आय७-१२७००एच हे प्रोसेसर डीडीआर५ रॅम ४८०० पर्यंतच चालवतात. एएमडीचा रायझन ७ ७७३५एचएसही तसाच. तिथे ५६०० साठी जास्त पैसे मोजले तर फायदा शून्य. दोन वेगवेगळ्या स्पीडच्या रॅम लावल्या, तर दोन्ही सहसा कमी स्पीडच्या रॅमनुसार चालतात.

यापेक्षा स्लॉट पाहणं महत्त्वाचं. दोन स्लॉटपैकी एकातच रॅम असेल, तर प्रोसेसरला मेमरीकडे जाणारा अर्धाच रस्ता मोकळा मिळतो. दुसऱ्या स्लॉटमध्ये जुळणारी रॅम लावण्याचा फायदा बहुतेक वेळा ओव्हरक्लॉकिंगपेक्षा मोठा असतो, आणि त्यात जोखीम कमी. मात्र रॅम एलपीडीडीआर प्रकारची असेल तर ती सहसा बोर्डावरच पक्की बसवलेली असते आणि बदलता येत नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा चिप जास्त वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. डेस्कटॉपमध्ये बायोस या मूळ सेटिंगच्या पानावर एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय सुरू केला की रॅम जादा वेगाने, बहुतेकदा जादा व्होल्टेजवर धावते. लॅपटॉपमध्ये मात्र बहुतेक कंपन्या हा पर्याय देतच नाहीत. तो मोजक्या महागड्या गेमिंग मॉडेलमध्ये सापडतो. बायोसमध्ये हा पर्याय दिसला नाही, तर लॅपटॉप बिघडलेला नाही. तो तसाच बनवलेला आहे. आणि एखादं ॲप 'मेमरी ओव्हरक्लॉक' म्हणत असेल, तर ती बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डची मेमरी असते, रॅम नव्हे.

चंद्रपूरचं ऊन इथे कुठून आलं?

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत असतात. पारा ४५ अंशांपुढे जाणं इथे नवं नाही. पण अनेक लॅपटॉप कंपन्यांच्या माहितीपत्रकात वापरासाठी भोवतालच्या हवेचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं, असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. हवाच तापलेली असेल, तर तो थंड काय करणार?

रॅममध्ये माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठते आणि हा भार सतत झिरपत असतो, म्हणून तो पुन्हापुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली की हे पुनर्भरण दुप्पट वेळा करावं, असं मेमरीचं मानकच सांगतं. डिसेंबरमध्ये नीट चाललेली ओव्हरक्लॉक सेटिंग मे महिन्यात निळी स्क्रीन दाखवू शकते, ती यामुळे. शिवाय तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे रॅममध्ये कमावलेलं प्रोसेसरमध्ये जातं. त्यात कोळशाच्या पट्ट्यातली धूळ पंख्याच्या जाळीत बसली, की हवा आणखी अडते.

मग करायचं काय?

- उन्हाळ्याआधी पंखा आणि जाळी साफ करून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवू नका.
- कूलर लावून खोली थंड करा, पण त्याचा ओलसर झोत थेट लॅपटॉपवर सोडू नका.
- लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि गेम मंदावतो. तो दोष रॅमचा नाही.
- बायोस अपडेट करताना बॅटरी पुरेशी भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या. मध्येच वीज तुटली तर लॅपटॉप सुरूच न होण्याची भीती असते.
- रॅम बदलली किंवा सेटिंग छेडली, तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६ चालवा. एकही चूक दिसली तर मूळ सेटिंगवर परत या.
- नवी डीडीआर५ रॅम लावल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. घाईने बटण दाबू नका.

पणाला काय लागलंय?

पुण्या-मुंबईत लॅपटॉप बंद पडला तर सर्व्हिस सेंटर जवळ असतं. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. सिरोंचातून तर आधी गडचिरोली गाठायलाच सुमारे २०० किलोमीटर जावं लागतं. अनेक घरांत गेमिंगचा लॅपटॉप हाच कॉलेजच्या प्रोजेक्टचा आणि परीक्षेच्या फॉर्मचाही लॅपटॉप असतो. गेममध्ये चार-पाच फ्रेम वाढवण्यासाठी तो पणाला लावायचा का, हा खरा प्रश्न आहे. टास्क मॅनेजरमधला आकडा प्रोसेसरच्या मर्यादेइतका असेल आणि दोन्ही स्लॉट भरलेले असतील, तर रॅमचं काम झालंय. पुढचा खर्च साफसफाईवर करा.