बारा व्होल्टांना कोण भितो?

विद्यार्थी मित्रहो, मोटारीच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरडे हात लावले तरी झटका बसत नाही, हे तुम्ही ऐकले असेल. ते खरेही आहे. परंतु तेवढ्यावरून बॅटरीला निरुपद्रवी समजणे म्हणजे अर्धेच पदार्थविज्ञान शिकणे होय, असे माझे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. १९५९ साली इंग्लंडमध्ये 'मिनी' ही छोटी मोटार आली. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी तिचे इंजिन आडवे बसवून जागा वाचवली आणि बॅटरी मागे डिकीत ठेवली. त्यामुळे पुढच्या स्टार्टरपर्यंत एक जाड तार गाडीच्या तळाखालून न्यावी लागली. आजही हौशी लोक अशा जुन्या गाड्या जपतात आणि त्यांच्या तारा नव्याने बसवतात.

आता गणित करू. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध सुमारे ०.०१ ओहम असतो. तांब्याची तार ४ मीटर लांब व ३५ चौरस मिलिमीटर छेदाची धरली, तर तिचा रोध सुमारे ०.००२ ओहम येतो. समजा, आवरण घासून ही तार पुढच्या टोकाशी पत्र्याला टेकली. ओहमच्या नियमाने प्रवाह किती? १२ भागिले ०.०१२, म्हणजे १००० अँपिअर! तारेत दर सेकंदाला २००० ज्यूल उष्णता निर्माण होईल. मोठी विजेची शेगडीच ती! आणि मिनीची पेट्रोलची टाकीही डिकीतच असते.

यावर उपाय फ्यूजचा. स्टार्टरचा प्रवाह सहन करील, पण १००० अँपिअरला चटकन वितळेल असा तो हवा. पण तो बसवायचा कोठे? सोयीचे म्हणून पुष्कळजण तो पुढे, इंजिनाजवळ बसवतात. ही घोडचूक आहे. गच्चीवरची टाकी आणि नळ यांच्यामधला पाइप फुटला, तर नळ बंद करून काय उपयोग? फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. घरातला मुख्य फ्यूजही वीज घरात शिरते तेथेच असतो, तो याच कारणाने.

बाकीची पथ्येही सोपी आहेत. तार पत्र्यातून जाते तेथे रबरी कडी बसवावी. बॅटरी घट्ट आवळावी. चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन नळीने गाडीबाहेर सोडावा. बॅटरी काढताना गाडीच्या पत्र्याला जोडलेले टोक आधी सोडवावे. म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.

शिक्षकांना एक विनंती. 'फ्यूज म्हणजे काय?' हा प्रश्न आपण नेहमीच विचारतो. त्याऐवजी 'फ्यूज कोठे बसवाल, व का?' असे विचारून पाहा. आणि मित्रहो, वरचा प्रयोग बॅटरीवर मुळीच करू नका. तो कागदावरच करा. आकडे पुरेसे बोलके आहेत.