विश्लेषण : फ्लॅटमध्ये छंद, पाड्यावर छापा, घरगुती दारूच्या कायद्याचं त्रांगडं

‘नाल्याकाठी हातभट्टीवर धाड, कच्चे रसायन जागेवरच नष्ट, मुद्देमाल जप्त, एकावर गुन्हा दाखल.’ तालुक्याच्या बातम्यांत आठवड्याला अशी एखादी तरी चौकट असतेच. गावाचं नाव बदलतं, ड्रमचा आकडा बदलतो, मजकूर तोच.

त्याच वेळी पुण्या-मुंबईच्या एखाद्या फ्लॅटमध्ये वेगळंच चित्र दिसतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वीस लिटरची झाकणबंद बादली, झाकणाला बुडबुडे सोडणारी छोटी नळी, आत आंबत असलेलं जवाच्या माल्टचं पाणी. दोन-तीन आठवड्यांनी ते बाटल्यांत भरायचं, मित्रांना बोलवायचं आणि चव कशी जमली यावर चर्चा करायची. याला ‘होमब्रूइंग’ म्हणतात. म्हणजे घरी बिअर बनवण्याचा छंद. माल्ट, यीस्ट, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं, सगळं ऑनलाइन मागवता येतं. यात काही गुन्हा आहे असं बनवणाऱ्याला वाटत नाही, शेजाऱ्यालाही वाटत नाही.

कायद्याच्या पुस्तकात मात्र ही बादली आणि तो ड्रम एकाच पानावर आहेत. अडचण तिथून सुरू होते.

कायदा काय म्हणतो?

दारू हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत टाकला आहे. त्यामुळे निर्णय दिल्लीत नाही, मुंबईत होतो. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. नाव दारूबंदीचं असलं तरी बहुतेक जिल्ह्यांत तो परवान्यांचा कायदा म्हणून चालतो. परवाना असेल तर कारखाना, दुकान, बार सगळं चालतं. नसेल तर काहीच चालत नाही.

गुन्ह्याच्या बातमीत कंसात छापून येणारं ‘कलम ६५’ याच कायद्यातलं. विनापरवाना दारू बनवणं, बाटलीत भरणं, विकणं हे सगळं त्यात येतं. एवढंच नाही, तर बनवण्याच्या उद्देशाने साहित्य किंवा भांडी जवळ ठेवणं हाही गुन्हाच. ‘विकायला नाही, घरच्यासाठी बनवली’ म्हणून या कलमातून सुटका होत नाही. छंदाला वेगळी सवलत नाही आणि परंपरेलाही नाही.

गंमत म्हणजे बिअर आणि कडक दारू यांतला फरक सरकारला चांगला ठाऊक आहे. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची अट २१ वर्षं, तर कडक दारूसाठी २५. दोन्हींवरचं उत्पादन शुल्कही वेगळं. पिताना आणि कर घेताना जो फरक केला जातो, तो घरी बनवण्याच्या बाबतीत मात्र केला जात नाही.

आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं

हा फरक महत्त्वाचा का, ते समजायला भांड्यात नेमकं काय घडतं ते बघावं लागेल.

बिअरमध्ये मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजेच माल्ट, साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यातल्या पिठुळ भागाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सबरोबर उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या आसपास राहतं. बिघडली तर आंबट होते. बाटलीत साखर जास्त पडली तर बाटली फुटते आणि काच लागू शकते. पण नीट स्वच्छता राखून नुसत्या आंबवलेल्या बिअरने डोळे गेले, असं होत नाही.

हातभट्टीत पहिला टप्पा तोच. गूळ किंवा मोहफुलं पाण्यात आंबवायची, त्यालाच गावाकडे ‘रसायन’ म्हणतात. पुढचा टप्पा मात्र वेगळा. ते रसायन चुलीवर चढवून वाफ थंड करायची आणि थेंब थेंब दारू गाळून घ्यायची. यात अल्कोहोलचं प्रमाण कितीतरी पटीने वाढतं. सुरुवातीला उडणारी नको ती द्रव्यंही पहिल्या धारेतच जास्त येतात. परवानाधारक डिस्टिलरीत तो भाग बाजूला काढतात. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून तीच मानाने मागितली जाते.

तरीसुद्धा विषारी दारूच्या मोठ्या कांडांमागे बहुतेक वेळा चूल नव्हती, कॅन होता. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद भागात चाळीसहून जास्त, जून २०२४ मध्ये तामिळनाडूच्या कल्लाकुरिचीत साठहून जास्त. तिन्ही ठिकाणी मारलं ते मिथेनॉलने. हे कारखान्यात वापरायचं रसायन, स्वस्त म्हणून दारूत मिसळलेलं किंवा दारू म्हणूनच विकलेलं. ते शरीरात गेलं की त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी नजरेवर घाला घालतं.

इथे एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. मिथेनॉलचा त्रास लगेच दिसेलच असं नाही. बारा-चोवीस तासांनीही सुरू होऊ शकतो. उलट्या, पोटात कळा, डोळ्यांसमोर धुकं, दम लागणं अशी लक्षणं दिसली तर ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून झोपवून ठेवू नये. वेळेत दवाखान्यात नेलं तर यावर उपचार आहेत. गुन्हा दाखल होईल या भीतीने उशीर केला तर जीव जातो.

म्हणजे धोक्याच्या पायऱ्या तीन आहेत. नुसतं आंबवणं, घरी गाळणं आणि धंद्यासाठी भेसळ करणं. कलम ६५ तिघांनाही कवेत घेतं. कारवाई मात्र प्रामुख्याने धूर आणि वास जिथे दिसतो तिथेच होते. फ्लॅटमधली बादली धूर सोडत नाही.

दर वाढले, पाय कुठे वळणार?

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं शुल्क वाढवलं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं. देशी दारूवर प्रूफ लिटरमागे १८० रुपये होते, ते २०५ झाले. १८० मिलीच्या देशी बाटलीची किमान किंमत ८० रुपये, नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ची १४८ आणि विदेशी मद्याची २०५ रुपये ठरवण्यात आली. बिअर आणि वाइनला या वाढीतून वगळलं. वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्तीचे येतील, असा सरकारचा अंदाज होता.

तिजोरीचं गणित ठीक. पण रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या खिशाचं गणित वेगळं असतं. देशी बाटली महागली म्हणून पिणारा पिणं सोडतोच असं नाही. तो त्याहून स्वस्त काय मिळतं ते शोधतो. आणि ते मिळतं ओढ्याकाठी, फुग्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत. आत काय आहे हे ना विकणाऱ्याला सांगता येतं, ना पिणाऱ्याला. शुल्क वाढवताना हातभट्टीकडे वळणाऱ्यांचा विचार झाला नाही, तर त्याची किंमत तालुक्यांनाच मोजावी लागेल.

बाहेर काय केलं?

ब्रिटनने १९६३ मध्ये घरी बिअर बनवण्यासाठी लागणारा परवानाच रद्द केला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तरी घरच्या बिअरला मोकळीक मिळाली नव्हती. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलनपर्यंत बिअर घरच्या वापरासाठी करमुक्त झाली. अट एकच, विकायची नाही. राज्यांनी आपापल्या वेगाने मान्यता दिली. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं तर २०१३ मध्ये तयार झाली. या छंदातूनच पुढे छोटे कारखाने उभे राहिले. कॅलिफोर्नियातली ‘सिएरा नेवाडा’ ही कंपनी घरी बिअर बनवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनीच १९८० च्या सुमारास सुरू केली.

आपल्याकडेही घरची बिअर कायदेशीर करा, असं म्हणणारे याच उदाहरणाकडे बोट दाखवतात. पण इथेच खरी मेख आहे. अमेरिकेने सूट दिली ती आंबवण्याला. घरी दारू गाळण्यावरची बंदी त्या कायद्याने उठली नाही.

तोच साचा महाराष्ट्रात जसाच्या तसा आणला तर काय होईल? फ्लॅटमधली बादली कायदेशीर होईल. पाड्यावरची मोहाची भट्टी होती तिथेच राहील, कारण मोहाची दारू गाळलेली असते. ‘घरी बनवायला परवानगी’ हे ऐकायला सगळ्यांसाठी वाटतं. प्रत्यक्षात रेघ अशी पडेल की शहरातला छंद आत आणि सण, लग्न, देवकार्यासाठी पिढ्यान् पिढ्या मोह गाळणारं आदिवासी घर बाहेर.

मोहासाठी वेगळी वाट शेजारच्या राज्यांनी शोधली आहे. मध्य प्रदेशने आदिवासींना घरच्या वापरापुरती मर्यादेत सूट दिली. पुढे ‘हेरिटेज’ मद्याचं धोरण आणून आदिवासी बचत गटांकडून मोहाची दारू परवान्याखाली बनवायला सुरुवात केली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध सैल केले. फुलं वेचणाऱ्या कुटुंबांना त्याचा आधार झाला. पण फुलं घरात ठेवली तर चालतात आणि तीच गाळली की कलम ६५, हा तिढा कायम राहिला.

बायकांना विचारलं का?

या सगळ्या चर्चेत सर्वांत मोठा प्रश्न बाजूला पडतो. सूट मागणारे बहुतेक पुरुष असतात आणि भोगणाऱ्या बहुतेक बायका. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांनी लढून मिळवली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, त्यामागेही महिलांचा मोर्चा होता. २०२१ मध्ये ती उठवताना अवैध दारू वाढल्याचं कारण सरकारने दिलं. ज्या घरात रोजची मजुरी दारूत जाते, तिथे ‘छंद’ हा शब्दच चीड आणतो. ती चीड खोटी नाही.

शिवाय एक साधी शंका आहे. घरच्या वापराला सूट दिली की तिच्या आडून विक्री होणार नाही कशावरून? वीस लिटर घरी प्यायली की गल्लीत विकली, हे मोजायला कोण बसणार? राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तालुक्यागणिक माणसं किती असतात, हे गावकऱ्यांना सांगायला नको.

यात आणखी एक विसंगती आहे. परवान्याच्या दुकानाविरुद्ध महिलांच्या हातात ‘आडवी बाटली’ आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. हातभट्टीला परवानाच नाही, मग मतदान कशाविरुद्ध करणार? तिथे फक्त तक्रार करता येते. छापा पडतो, रसायन ओततात, चार दिवसांनी दुसऱ्या नाल्यावर भट्टी लागते.

छाप्याने जे होत नाही ते पर्यायी रोजगाराने होऊ शकतं, याचं उदाहरण राज्यातच आहे. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. अधिकाऱ्यांनी हातभट्टीची गावं आणि तांडे दत्तक घेतले. छाप्यांबरोबर समुपदेशन केलं आणि भट्टीवाल्या कुटुंबांना दुसऱ्या कामाला लावण्याचा प्रयत्न केला. चुलीखालचा जाळ विझवायचा तर घरातली चूल पेटती राहिली पाहिजे, एवढं साधं सूत्र त्यामागे होतं.

रेघ कुठे मारायची?

आजच्या कायद्यात दुरुस्ती करायची तर तिन्ही पायऱ्या वेगळ्या कराव्या लागतील. नुसतं आंबवलेलं, घरच्यापुरतं, ठरलेल्या लिटरच्या आत आणि अजिबात न विकलेलं पेय यासाठी तुरुंगाची तरतूद जास्तच आहे. मोहासारख्या गाळीव पेयासाठी सरसकट मोकळीक नको. तिथे बचत गट, परवाना आणि तपासणी हा मार्ग आहे. मिथेनॉल मिसळणाऱ्याला मात्र कसलीच दयामाया नको. मनुष्यबळ कमी असेल तर ते आधी त्याच्यामागे लावावं.

आणि हे सगळं मंत्रालयात बसून ठरवू नये. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या पातळीवर आहे. पाड्याला मोह हवा की नको, हवा तर कधी आणि किती, हे तिथल्या ग्रामसभेत बायकांच्या हजेरीत ठरलं तर ते टिकेल. बिगर आदिवासी गावांतही आडव्या बाटलीसारखा हक्क घरगुती दारूच्या बाबतीत महिलांना देता येईल.

तोपर्यंत वाचकांनी भ्रमात राहू नये. घरी बिअर बनवण्याचं सामान ऑनलाइन मिळतं, म्हणून बिअर बनवणं कायदेशीर ठरत नाही. मागवणाऱ्याचा पत्ता पुण्याचा असो की पाड्याचा, कलम तेच आहे. फरक एवढाच की एकाकडे अजून कोणी आलेलं नाही.