घरातील स्प्रिंकलर : स्वतः काय करावे, काय करू नये

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रचना व्यापारी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली आहे. माल नजरेखाली राहतो, जाण्या-येण्याचा वेळ वाचतो. परंतु याच सोयीत धोकाही दडलेला असतो. मध्यरात्री दुकानातील तारेत ठिणगी पडली, तर कापडाचे तागे आणि पुठ्ठ्याची खोकी पेट घेतात, धूर जिन्याने वर चढतो आणि घरातून बाहेर पडण्याचा मार्गही बहुधा तोच जिना असतो. विमा मालाची भरपाई करतो; वर निजलेल्या माणसांची करू शकत नाही.

घरातील सारे झोपेत असताना आपणहून काम करणारे साधन म्हणजे स्प्रिंकलर. अमेरिकेतील न्यू हेवन येथील हेन्री पार्मेली या पियानो कारखानदाराने १८७४ मध्ये आपला कारखाना वाचविण्यासाठी असे साधन तयार केले. आजच्या स्प्रिंकलरमध्ये पाण्याचे तोंड काचेच्या एका छोट्या नळीने रोखलेले असते. नळीतील द्रव उष्णतेने प्रसरण पावतो, ठरलेल्या तापमानाला काच फुटते आणि पाणी सुटते. उदबत्तीच्या धुराने ती फुटत नाही. चित्रपटांत दाखवितात तसे सर्व स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. ज्याच्यापर्यंत उष्णता पोहोचते तेवढाच उघडतो. म्हणून ‘एका ठिणगीपायी सारे घर भिजेल’ ही भीती निराधार आहे.

मग नळकाम जाणणाऱ्या गृहस्थाने ही यंत्रणा स्वतः बसवावी काय? या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी अमेरिकेत १९७५ पासून ‘एनएफपीए १३डी’ हे स्वतंत्र मानक आहे. दोन स्प्रिंकलर १० मिनिटे चालतील इतके पाणी साठ्यात असावे, अशी त्याची सर्वसाधारण अपेक्षा आहे. घरगुती प्रकारच्या एका स्प्रिंकलरला मिनिटाला सुमारे ५० लिटर पाणी धरले, तर १,००० लिटर होतात. एवढी टाकी आपल्या अनेक गच्च्यांवर असते. अडचण दाबाची आहे. स्प्रिंकलरपाशी किमान ५ मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो. गच्चीवरील टाकी मात्र वरच्या मजल्याच्या छतापासून दोन-तीन मीटरच उंच असते. म्हणजे पंप आवश्यक ठरतो. आगीच्या वेळी मुख्य स्विच बंद केला जातो. म्हणून त्या पंपाचा वीजपुरवठा स्वतंत्र हवा. रोजच्या वापरात टाकी रिकामी होऊ नये, यासाठी घरखर्चाच्या पाण्याची नळी टाकीच्या वरच्या भागातून काढावी, म्हणजे खालचा साठा राखीव राहतो.

काचेच्या नळीच्या रंगालाही अर्थ आहे. लाल नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी ७९ अंशांना. छतालगतची हवा ३८ अंशांच्या आत राहत असेल तेथे लाल योग्य. पत्र्याखाली किंवा खानदेश-विदर्भाच्या उन्हाळ्यात तापणाऱ्या छताखाली अधिक तापमानाची नळी निवडावी लागते. नळही नेहमीच्या पीव्हीसीचे चालत नाहीत. पोलादी किंवा स्प्रिंकलरसाठीच मान्यता मिळालेले सीपीव्हीसी हवेत.

दुकानाचा हिशेब तर याहून निराळा. रचलेल्या मालाच्या आगीला घरापेक्षा कितीतरी अधिक पाणी लागते, त्यामुळे वरचे १,००० लिटरचे गणित तेथे लावू नये. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ ज्या इमारतींना लागू आहे, तेथे हे काम परवानाधारक संस्थेकडूनच करवून घ्यावे लागते आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. तात्पर्य, आराखडा, नळ आणि पंप जाणकारांवर सोपवावेत.

तरीही घरच्या माणसांच्या वाट्याला पुष्कळ काम उरते आणि ते इतर कोणी करणार नाही. खोल्यांची मापे, टाकीची क्षमता आणि जिन्याची जागा दाखविणारा नकाशा त्यांनीच तयार करावा. बसविलेल्या स्प्रिंकलरला रंग लावू नये, त्याला तोरण किंवा कपडे टांगू नयेत. सणासुदीला माल छताला भिडेपर्यंत रचण्याची सवय सोडावी. स्प्रिंकलरखाली किमान अर्धा मीटर जागा मोकळी नसेल, तर पाणी पसरतच नाही. झडप कोणी बंद करून ठेवली नाही ना, हे दरमहा पाहावे.

यंत्रणेचा खर्च आज झेपत नसेल, तर बॅटरीवर चालणारा धूरसूचक गजर जिन्याच्या तोंडाशी आणि शयनकक्षांपाशी स्वतः लावता येतो. जिन्यात खोकी ठेवू नयेत. खिडकीच्या एका जाळीला आतून उघडणारे दार करून घ्यावे आणि त्याची किल्ली कोठे आहे, हे आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक असावे.

दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होण्यापूर्वी दुकानाची झाडलोट होते, मालाची मोजदाद होते. त्याच दिवशी टाकी, झडप, गजर आणि जिना यांचीही पाहणी व्हावी. त्याला एक तासही लागत नाही.